पहिल्या सलाइनच्या आधी



कर्करोगाचं निदान झालेल्या मुलीच्या केसपेपरवर पुष्कळ काही लिहिलेलं असतं. वजन, उंची, हिमोग्लोबिन, गाठीचा आकार, बायॉप्सीचा नंबर, रेशनकार्डाचा रंग, सोबत आलेल्या माणसाचं नाव. एक ओळ मात्र सहसा नसते. या औषधांनी हिची कूस धोक्यात येणार आहे का, आणि ते हिला सांगितलं का? आज मी त्या एका ओळीबद्दल बोलणार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलीची आणि तरुण बाईची जननक्षमता राखण्याचा विचार हा कर्करोगाच्या मूळ उपचाराचाच भाग आहे आणि तो पहिली सलाइन लागण्याआधी झाला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ही पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांची चैन आहे, जंगलातल्या जिल्ह्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांत चांगले, तळमळीनं काम करणारे डॉक्टरही आहेत. त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत, काही तर चांगलेच वजनदार आहेत. म्हणून ते टाळून पुढे जाण्यापेक्षा एकेक उचलून पाहू.

आधी शरीराची गोष्ट. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि पुढे ती फक्त कमीच होत जातात. पुरुषाच्या शरीरात नवं बीज तयार होत राहतं, विहिरीला झरा असावा तसं. बाईचं अंडाशय म्हणजे सुगीला एकदाच भरलेली कणगी. वरून काढायचं, भर घालायची सोय नाही. केमोथेरपीतली काही औषधं ही कणगी अवेळी उपसतात. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन आणि बुसल्फान ही त्यांतली ठळक नावं. ज्याला आपल्याकडे रुग्ण ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, त्या किरणोपचाराचा मारा याहून थेट असतो. अंडाशयाला दोन ग्रेपेक्षाही कमी मात्रा पोचली तरी निम्मी बीजं मरतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला याच्या वीस-पंचवीस पट मात्रा द्यावी लागते. पण सगळ्या कर्करोगांत असं होत नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याच्या नेहमीच्या उपचारात अंडाशयाला धोका तुलनेनं कमी असतो. हॉजकिन्स लिम्फोमाला ‘एबीव्हीडी’ ही चार औषधं दिली तर धोका थोडा, आणि तीव्र स्वरूपाची दुसरी पद्धत वापरली तर बराच. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी जी तीव्र तयारी करतात, तिच्यात तो जवळजवळ ठरलेलाच. म्हणजे ती ओळ लिहायची म्हटल्यावर डॉक्टरांना सर्वांत आधी धोक्याचा हिशोब करावा लागेल. तो केल्यावर कितीतरी मुलींच्या आईबापांना एवढंच सांगायचं उरेल की घाबरू नका, हिला पुढे मूल होण्याची शक्यता चांगली आहे. या वाक्याला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा. तरीही ते बोललं जात नाही, आणि मग ‘कॅन्सर झालेली पोरगी, हिला काय लेकरू होणार’ असं गावच परस्पर ठरवून टाकतं.

अंडाशयाचं काम केवळ बीजं सांभाळण्याचं नाही. मुलीचं वयात येणं, हाडांची बळकटी, पुढे हृदयाची राखण, हे सगळं तिथल्या संप्रेरकांवर चालतं. दहा वर्षांच्या मुलीचं अंडाशय बंद पडलं तर ती आपोआप वयात येत नाही. तिला औषधानं वयात आणावं लागतं. तिशीतल्या बाईचं बंद पडलं तर पन्नाशीतली हाडं तिला पस्तिशीत मिळतात. गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या माडिया-गोंड गावांत याला आणखी एक बाजू आहे. पाळीचे दिवस बाई तिथे कुर्माघरात काढते. या प्रथेवर भरपूर टीका झाली आहे आणि ती रास्तच आहे. पण तिचा एक परिणाम असा की पाळी ही तिथे चार भिंतींआडची गोष्ट राहतच नाही. कोण कधी कुर्म्यात गेली आणि कोण कैक महिन्यांत गेली नाही, हे साऱ्या पाड्याला ठाऊक असतं. शहरातली तरुणी आपली थांबलेली पाळी वर्षभर लपवू शकते. इथल्या मुलीला ती मुभा नाही. तिच्या अंडाशयाची बातमी तिच्याआधी गावाला लागते. अशा ठिकाणी तिला स्वतःला ती आधी माहीत असणं किती गरजेचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

आता पहिला आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. आधी जीव वाचू द्या, मूलबाळाचं नंतर पाहू. इथे रोगी येतो तोच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. भामरागडहून गडचिरोलीला यायचं तर पावणेदोनशे किलोमीटर, तिथून नागपूर तेवढंच आणखी, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटत आलेला. अशा मुलीला ‘तुला पुढे मूल हवं का’ असं विचारणं क्रूरपणाचं नाही का? यावर माझं उत्तर असं की जगण्याची आशा वाढते तेव्हाच हा प्रश्न जन्माला येतो, आणि ती वाढली आहे. १९८४ च्या सुमारास मुंबईचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी मुलांच्या ल्युकेमियासाठी ‘एमसीपी-८४१’ ही ठरावीक उपचारपद्धत वापरायला घेतली. त्याआधी पाचांतलं जेमतेम एक मूल वाचायचं. या पद्धतीनं काही केंद्रांत निम्म्याहून अधिक मुलं वाचू लागली. १९९१ साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. बरं झालेल्यांची संख्या एवढी झाली की त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे बघायला वेगळी जागा लागली, असा याचा अर्थ. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं वाचतात, बऱ्याच गरीब देशांत ३० टक्केही नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत सगळीकडे किमान ६० टक्के मुलं वाचवायचं उद्दिष्ट ठेवलं. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट, राज्य शासन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या सहकार्यातून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आहे, ते काय मुली मराव्यात म्हणून? ज्या दिवशी आपण रुग्णालयाचा पाया खणला, त्या दिवशी आपण मान्य केलं की इथल्या मुली वाचणार आहेत. मग वाचून त्या कशा जगणार, हा प्रश्न ‘नंतर’चा राहत नाही. जैविक कारणामुळे तो नंतर विचारताच येत नाही. उपचार संपल्यावर रिकामी झालेली कणगी कुणी भरून देत नाही.

पण जिचा जीव खरोखरच टांगणीला आहे, जिला आज रात्रीच केमो सुरू केली पाहिजे, तिचं काय? तिथे जीवच आधी, यात दुमत नाही. एडिनबरोच्या डॉक्टरांनी अंडाशयाची ऊती कुणाची काढून ठेवावी याचे काही निकष घालून दिले आहेत. त्यांत मुलगी पाच वर्षं जगण्याची वाजवी शक्यता हवी आणि अंडाशय बंद पडण्याचा धोका निम्म्याहून अधिक हवा, अशा दोन अटी आहेत. हे निकष लावले की इथल्या बऱ्याच जणी गाळल्या जातील. जाऊ देत. गाळणं आणि विचारणंच टाळणं यांत फरक आहे.

यालाच जोडून वेळेचा मुद्दा येतो. वयात आलेल्या बाईची बीजं गोठवायची तर इंजेक्शनं देऊन ती पिकवावी लागतात आणि त्यात दहा ते चौदा दिवस जातात. पूर्वी पाळीची वाट पाहून सुरुवात करायचे. आता महिन्याच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं, आणि स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलची गोळी देतात. ‘दोन आठवडे कुठून आणायचे?’ असं विचारलं जातं. मी उलटं विचारतो, आपले दोन आठवडे आता जातात कुठे? बायॉप्सीचा तुकडा नागपूरला जातो. अहवाल यायचा, त्यावर पुढची तपासणी व्हायची, मग योजनेची मंजुरी, तोवर रोगी गावी परत गेलेला, त्याला फोन लागत नाही. हे दिवस आपण दर रुग्णामागे घालवतोच आणि त्यांना ‘उशीर’ म्हणत नाही, ‘प्रक्रिया’ म्हणतो. संशयाच्या पहिल्याच दिवशी ती ओळ लिहिली गेली, तर याच वाट पाहण्याच्या दिवसांत बीजं पिकू शकतात. मात्र यासाठी गाठ पाहणाऱ्या पहिल्या डॉक्टरनं ते मनात आणलं पाहिजे. नागपूरच्या कॅन्सर तज्ज्ञाला ते सुचेपर्यंत वेळ टळलेली असते.

वयात न आलेल्या मुलीची बीजं पिकवता येत नाहीत. तिच्यासाठी एकच वाट आहे. दुर्बिणीनं अंडाशयाची ऊती काढून गोठवायची आणि ती मोठी झाल्यावर परत बसवायची. ही वाट कधी उघडली? हॉजकिन्स झालेल्या एका बेल्जियन बाईची ऊती १९९७ साली गोठवली होती. ती परत बसवल्यावर २००४ साली तिला मूल झालं, आणि अशा रोपणातून मूल जन्माला आल्याची ती जगातली पहिली नोंद. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. जगभरात यातून दोनशेहून अधिक बाळं जन्मली आहेत. पण आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीनं मला दोन घटना महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या दोन्ही कर्करोगाच्या नाहीत. पाळी सुरू होण्याआधी काढलेल्या ऊतीतून पहिलं मूल जन्मलं ते ब्रुसेल्समध्ये, २०१४ साली. आई मूळची काँगोची. तिला सिकलसेल होता. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी तिला बुसल्फान द्यावं लागणार होतं, म्हणून चौदावं वर्ष पुरं होण्याच्या आत तिची ऊती काढून ठेवली होती. दुसरी दुबईची, थॅलेसेमियाची. नऊ वर्षांची असताना इंग्लंडमध्ये लीड्सला तिची ऊती गोठवली आणि २०१६ साली लंडनमध्ये तिला मुलगा झाला. सिकलसेलचं नाव घेतल्यावर गडचिरोलीत ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जागतिक वैद्यकाला ज्या आजारानं ही वाट दाखवली तो आपल्या पाड्यापाड्यांतला आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. उद्या तिच्यामागून प्रत्यारोपणंही वाढतील, आणि बुसल्फान कर्करोग असो वा नसो, अंडाशयाशी सारखंच वागतं.

एवढ्यावर कुणी विचारेल, हे ब्रुसेल्स-लंडनचं ठीक, पण ऊती गोठवायला लागणारे उणे १९६ अंश गडचिरोलीत कुठून आणणार? उत्तर तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात आहे. तिथे कोपऱ्यात ॲल्युमिनियमचं, बसक्या अंगाचं, अरुंद मानेचं एक भांडं असतं. झाकण उचललं की पांढरी वाफ वर न जाता कडेवरून खाली, जमिनीकडे उतरते. आत द्रव नायट्रोजनमध्ये वळूच्या वीर्याच्या रंगीत कांड्या बुडवलेल्या असतात. कंपाउंडर चिमट्यानं एक उचलतो, कोमट पाण्यात धरतो आणि गाय फळवायला निघतो. ग्लिसरॉल घातलं तर बीज गोठूनही जिवंत राहतं, हे १९४९ साली लंडनमध्ये कळलं. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेनं गोठवलेल्या वीर्याचं तंत्र महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजवायला हातभार लावला. गाईसाठी आपण उणे १९६ अंशांची साखळी गोठ्याच्या दारापर्यंत नेली. तेव्हा ते ‘ग्रामीण भागाला न झेपणारं तंत्रज्ञान’ ठरलं नाही. माणसाची ऊती गोठवणं याहून नाजूक काम आहे हे मला मान्य आहे. त्याला शिकलेली माणसं आणि स्वच्छ प्रयोगशाळा लागते. पण ती प्रयोगशाळा चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत असलीच पाहिजे असं नाही. डेन्मार्कनं हा प्रश्न फार शहाणपणानं सोडवला. ऊती त्या त्या गावच्या रुग्णालयात काढायची, बर्फावर ठेवून चार-पाच तासांत कोपनहेगनला पाठवायची आणि तिथेच गोठवायची. बाई जागच्या जागी राहते, प्रवास ऊतीला. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून नागभीड-उमरेडच्या वाटेनं थोडं जास्त. नागपुरात अशी एक प्रयोगशाळा अख्ख्या विदर्भाला पुरेल. आणि दुर्बीण? ती तर या जिल्ह्यांत केव्हाच पोचली आहे. बिनटाक्याच्या ऑपरेशनची शिबिरं ग्रामीण रुग्णालयांत वर्षानुवर्षं झाली, बायका ओळीनं सतरंजीवर निजवलेल्या. ऊती काढायला पूर्ण भूल आणि कसलेला हात लागतो, हा फरक मी झाकत नाही. तरीही ज्या राज्याला नळ्या बंद करायला दुर्बीण तालुक्याला नेता आली, त्याला बीजं वाचवायला ती जिल्ह्याच्या ठिकाणी वापरता येत नाही, हे मला पटत नाही. दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

शिवाय गोठवणं हा एकमेव उपाय नव्हे. ओटीपोटाला शेक द्यायचा असेल तर शस्त्रक्रियेत अंडाशय उचलून माऱ्याच्या टापूबाहेर, वरच्या बाजूला टाचून ठेवता येतं. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, टाके लागतात. स्तनाच्या कर्करोगात केमोच्या काळात महिन्याला एक गोसेरेलिनचं इंजेक्शन देऊन अंडाशय निजवून ठेवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे इंजेक्शन मिळालेल्या ८ टक्के बायकांची अंडाशयं दोन वर्षांनी बंद पडली होती, न मिळालेल्यांत २२ टक्के. हा बीजं गोठवण्याला पर्याय नाही, पण जिला गोठवणं शक्यच नाही तिच्यासाठी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ आहे. ल्युकेमियात उलट अडचण येते. काढलेल्या ऊतीत रोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात आणि ती परत बसवली तर रोगही परत बसवल्यासारखं होतं. ऊती परत बसवलेल्यांपैकीही साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यालाच मूल होतं. आशा विकायचा धंदा कुणी करू नये म्हणून हे आकडे समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा बोलले गेले पाहिजेत.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात आटोपणार होतो, पण त्यात एक अशी विसंगती आहे की थांबावं लागतं. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. खासगी आरोग्यविम्यातही विमा नियामकानं ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे. हेतू समजतो. मूल न होणाऱ्या जोडप्याचा खर्च विम्यानं उचलावा की नाही हा वादाचा विषय आहे. पण इथे आजार वेगळा, उपचार वेगळा, आणि इजा उपचारानं केलेली. योजना सायक्लोफॉस्फामाइडचे पैसे देते, त्यानं होणाऱ्या उलट्यांच्या औषधाचे पैसे पॅकेजमध्ये धरते, आणि त्याच औषधानं जाणाऱ्या अंडाशयाला मात्र ‘वंध्यत्व’ या कप्प्यात टाकून दाराबाहेर ठेवते. हा कप्पा चुकला आहे. जपाननं एप्रिल २०२१ पासून तरुण कर्करुग्णांच्या जननक्षमता रक्षणासाठी सरकारी अनुदान सुरू केलं, जर्मनीनं कायदा बदलून आरोग्यविम्यात त्याला जागा दिली. आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजना, जी आता महात्मा फुल्यांच्या नावानं चालते, ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत गडचिरोली होता. मागास जिल्हा म्हणून त्याला शेवटी ठेवलं नव्हतं, पहिल्याच फेरीत घेतलं होतं. हेच तर्कशास्त्र इथे का चालू नये? आणि जिल्ह्याचा स्वतःचा पैसा आहेच. चंद्रपूरचा कोळसा आणि एटापल्लीच्या सुरजागडचं लोखंड यांतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम जमा होते, आणि २०१५ च्या केंद्रीय योजनेनुसार त्या निधीतला मोठा वाटा आरोग्य, पाणी, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हायचा आहे. वर्षाकाठी ज्या थोड्या मुली निकषांत बसतील त्यांचा खर्च या निधीला जाणवणारही नाही.

आणखी एक आक्षेप सभ्य भाषेत मांडला जातो. या बायकांना मुलांची कमी आहे का? लोकसंख्येचं काय? याचं आकड्यातलं उत्तर असं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. पण खरं उत्तर आकड्यात नाही. चार मुलं असलेल्या शेजारणीमुळे निपुत्रिक बाईचं दुःख कमी होत नाही. ‘मग दत्तक घ्या’ असं म्हणणाऱ्यांनी दत्तकाचे नियम वाचावेत. दत्तक घेणाऱ्याला जीवघेणा आजार नसावा अशी अट त्यांत आहे, आणि कर्करोगातून उठलेल्या बाईला ‘आता मला तो नाही’ हे कागदोपत्री सिद्ध करत बसावं लागतं. याच्या अगदी उलट बाजूनं स्त्रीवादी मैत्रिणींचा आक्षेप येतो आणि तो मला अधिक विचारात पाडतो. मातृत्वातच बाईचं सार्थक आहे या समजुतीला आपण प्रयोगशाळेचं बळ देतोय का? तेरा वर्षांच्या पोरीला ‘तुझी बीजं जपू या’ म्हणणं म्हणजे ‘तू त्यांच्यासाठीच आहेस’ असं सांगणं नाही का? धोका खरा आहे, विशेषतः मुलीपेक्षा तिच्या लग्नाचीच काळजी जास्त असणाऱ्या घरात. पण न विचारल्यानं हा दबाव कमी होत नाही. ऊती जपलेली असेल तर ती पंचविशीत ‘नको’ म्हणू शकते. जपलेली नसेल तर तिचं ‘नको’ आणि नशिबाचं ‘नाही’ यांत कुणी फरकच करत नाही. गर्भारपणानं रोग उलटेल अशी ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सांगतो, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या तरुण बायकांनी गर्भारपणासाठी संप्रेरकांच्या गोळ्या दोन वर्षांपर्यंत थांबवल्या, आणि नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढची वर्षं अजून पाहायची आहेत.

‘इथल्या बायका कधी हे विचारत नाहीत’ असंही ऐकायला मिळतं. हे म्हणणाऱ्यांना गडचिरोलीचाच दाखला द्यावा लागतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ती जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता. त्याआधी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची अशी तपासणी झालेली होती. त्या वेळी कुणी ‘मागणी’ मोजली असती तर निष्कर्ष निघाला असता की या गावांत स्त्रीरोग नाहीत. बाईनं न विचारणं हा गरज नसल्याचा पुरावा होत नाही. विचारायला शब्द लागतात, आणि शब्दांची अडचण इथे खरी आहे. कोरचीकडे छत्तीसगडी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, सिरोंच्यात तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया. नागपूरच्या वॉर्डात ‘फर्टिलिटी प्रिझर्व्हेशन’ हे शब्द उच्चारल्यानं भामरागडच्या आईला काहीच कळत नाही, आणि मराठी ‘जननक्षमता संवर्धन’ म्हटल्यानं तर मराठी आईलाही कळत नाही. ‘औषधानं हिची पाळी जाऊ शकते, पुढे लेकरू होणं अवघड होऊ शकतं, त्याला हे हे करता येतं’ एवढं तिच्या बोलीत सांगणारी आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका सोबत हवी. बोलायचं आईशी आणि मुलीशी दोघींशीही, आधी एकत्र, मग मुलीशी वेगळं.

आता कायद्याबद्दल दोन गोष्टी. जानेवारी २०२२ पासून लागू झालेला सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जोडप्याला नजरेसमोर ठेवून लिहिला आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे ही सेवा २१ वर्षांवरील आणि ५० खालील स्त्रीला द्यायची. गर्भधारणेच्या सेवेला ही अट योग्यच आहे. पण बारा वर्षांच्या मुलीची ऊती नुसती जपून ठेवण्याला ती लावायची नाही, हे नियमांत निःसंदिग्ध शब्दांत असायला हवं, कारण शंका आली की रुग्णालय ‘नको’ म्हणतं आणि आठवडा निघून जातो. दुसरं मुदतीचं. कायद्यातली दहा वर्षांची कमाल मुदत दात्याच्या बीजाला आणि भ्रूणाला उद्देशून आहे. तीच कुणी मुलीच्या स्वतःच्या ऊतीला लावली, तर नवव्या वर्षी जपलेली ऊती एकोणिसाव्या वर्षी नष्ट करायची आणि सेवेचा हक्क एकविसाव्या वर्षी द्यायचा, असं व्हायचं. दुबईच्या त्या मुलीला तर ऊती वापरायला चौदा-पंधरा वर्षं लागली.

आणि या चौदा-पंधरा वर्षांत आपल्याकडची मुलगी कुठे कुठे जाते ते पाहा. तिची ऊती नागपूरच्या टाकीत बापाच्या नावानं आणि आडनावानं नोंदलेली असते. दरम्यान तिचं लग्न होतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं, बापाचा मोबाइल नंबर बंद पडतो, ती प्राणहितेपलीकडे तेलंगणात नांदायला गेलेली असते. रुग्णालय तिला शोधू शकणार नाही, तिनंच रुग्णालय शोधलं पाहिजे. म्हणून उपचार संपल्यावर तिच्या हातात लसीकरणाच्या कार्डासारखं एक जाड कार्ड हवं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, घराच्या आढ्याला धान्याच्या बियाण्याशेजारी टांगून ठेवता येईल असं. त्यावर मराठीत तीन गोष्टी. कोणती औषधं एकूण किती दिली, शेक कुठे दिला, आणि अंडाशयासाठी काय केलं किंवा का केलं नाही.